उसनं नाक

सरांना वास येत नसे. हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं.

कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्राची व्याख्याता म्हणून मी रुजू व्हायला गेले होते. विभागप्रमुख, म्हणजे सर, डिसेक्शन हॉलच्या बाहेर बोळात लाकडी खुर्ची टाकून बसले होते. बुटका बांधा, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळ्यांच्या कडा लाल. मी पुढे केलेला कागद त्यांनी हातात घेतलाच नाही.

"कागद राहू द्या बाई. आधी आत जाऊन या आणि सांगा, वास येतोय का."

मी हॉलच्या दारात गेले. डोळ्यांना धार लागली, घशात काहीतरी टोचायला लागलं.

"येतोय सर."

"किती?"

वास किती येतो हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "डोळे चुरचुरण्याइतका," मी म्हणाले.

"दारात, का टेबलाजवळ गेल्यावर?"

"दारातच."

सरांनी मान हलवली आणि आतल्या शिपायाला हाक मारली. त्याला सगळे मामा म्हणत. वयानं तो माझ्याएवढाच होता, पण कॉलेजात शिपाई कितीही तरुण असला तरी मामाच असतो. "मामा, बाईंना दारातच आला बघा. तुम्ही म्हणत होता, आज काही नाही."

"मला न्हाय आला सर," मामा म्हणाला.

"तुम्हाला कसा येईल? तुमचं नाक माझ्या वाटेला लागलंय."

मग त्यांनी माझा कागद घेतला, न वाचता सही केली आणि म्हणाले, "तुमचं नाक चांगलं आहे. आठवडाभर टिकेल."

आठवड्याचा हिशोब त्यांनी अनुभवावरून बांधलेला होता. आमच्याकडे देह टिकवायचा म्हणजे मांडीतली धमनी उघडून तिच्यातून औषधी पाणी सगळ्या अंगात भरायचं. त्या पाण्यात मुख्य असतं ते फॉर्मालिन. त्यानं मांस घट्ट होतं, सडत नाही, वर्षभर मुलांना शिकता येतं. पण त्याची वाफ मात्र वर्षभर निघत राहते. मुलं देहावर वाकून काम करतात आणि ती वाफ त्यांच्या डोळ्यांत, नाकात, छातीत जाते. पहिल्या दिवशी असह्य होतं, आठवडाभरानं काही वाटेनासं होतं, आणि सगळे समजतात की सवय झाली. सर म्हणायचे, सवय होत नाही, नाक हात टेकतं. त्यांच्या नाकानं पुरते हात टेकले होते. तरुणपणी ते तळघरातल्या, देह बुडवून ठेवायच्या हौदाजवळ, उघड्या ड्रममधून मगानं फॉर्मालिन काढून ओतायचे. हातमोजे नसायचे, तोंडाला रुमाल. त्यांच्या आधीच्या प्रमुखांनी सांगितलेलं, पुरुषासारखा पुरुष तू, वासाला काय भितोस. चाळिशीच्या आत त्यांना मोगरा आणि करपलेलं दूध यांतला फरक कळेनासा झाला.

म्हणून ते नाकं उसनी घेत.

एकच नाक फार दिवस चालायचं नाही. कारकून, कुरिअरवाला, गेटवरचा रिक्षावाला, कँटीनमधल्या काकू, औषध कंपनीचे टाय लावलेले प्रतिनिधी, ज्याला म्हणून सर बोळात गाठतील त्याला दारापर्यंत नेऊन ते विचारत. एकदा बाह्यरुग्ण विभाग शोधत फिरणारं एक कुटुंब वाट चुकून आमच्या मजल्यावर आलं. पुढे फेटेवाला म्हातारा. सर उठून उभे राहिले.

"पावणं, जरा हिकडं या. वास येतोय काय बघा."

म्हाताऱ्यानं इमानदारीनं श्वास ओढला. "दवाखान्याचा येतोय की."

"दवाखान्याचा लई येतोय का थोडा?"

"दवाखाना केवढा हाय, त्यावर हाय," म्हातारा म्हणाला. हे उत्तर सरांनी पुढं कित्येक वर्षं वर्गात सांगितलं.

पावणं हा शब्द त्यांच्या तोंडात कायम असे. ते गडमुडशिंगीचे. इंग्रजीतून शिकवताना एकही शब्द घसरायचा नाही, पण वर्गाबाहेर पाय पडला की भाषा गावाला जायची. टेबलावरच्या देहांनाही ते पावणंच म्हणत. "तीन नंबरच्या पावण्यांचं तोंड झाका." "पावण्यांना ऊन लागतंय, पडदा ओढा." नवीन मुलं पहिल्या दिवशी हसत. सर हसू द्यायचे. महिनाभरात तीच मुलं तोंड झाकायला विसरलेल्या मित्राला म्हणत, अरे, पावण्यांचं बघ की.

हॉलमधले छताचे पंखे त्यांनी बंद ठेवले होते. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरची हवा दुपारी कशी जड होते हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. मुलांचे कोट पाठीला चिकटत. पालकांची तक्रार आली, विद्यार्थी संघटनेचं निवेदन आलं. सरांचं म्हणणं एकच, पंखा वास घालवत नाही, वाढतो. पंगतीत भात वाढावा तसा प्रत्येकाच्या ताटात थोडा थोडा. वाफ टेबलाच्या उंचीवरून, खालच्या खाली बाहेर ओढली पाहिजे. त्यासाठी भिंतीत खाली पंखे हवेत, असे अर्ज त्यांनी किती वर्षं केले कोण जाणे. मीही त्यातले काही टाइप केले. उत्तर यायचं, किंवा यायचंच नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत सरांनी गावाकडून एक गवंडी आणला आणि हॉलच्या मागच्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर ओळीनं भोकं पाडली. सुट्टी संपून आम्ही आलो तर भोकांत पंखे घरघरत होते आणि सर खाली फरशीवर मांडी घालून प्रत्येक पंख्यासमोर वर्तमानपत्राचा कपटा धरून बसले होते, तो ओढला जातोय का बघत. डीननी बोलावून घेतलं. इमारत तुमची आहे का, असं विचारलं. सर म्हणाले, नाही. मग पुढं काही बोलणं झालं नाही, कारण त्याच आठवड्यात कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांची दुसरी तक्रार आली. पंख्यांनी ओढलेला सगळा वास मागच्या गाड्या लावायच्या जागेत जात होता. स्कूटर काढायला गेलेल्या बायका डोळे पुसत परत यायच्या. शेवटी तिथून पत्र्याचा एक नळ गच्चीपर्यंत चढवला. वारा सुटला की तो खडखडायचा. वरच्या मजल्यावरच्या जीवरसायनवाल्यांनी सरांशी बोलणं सोडलं.

हे सगळं आता हसत सांगता येतं, पण त्या वेळी आम्ही सगळे कंटाळलो होतो. सरांबरोबर काम करणं म्हणजे रोज उठून एकाच भिंतीला धक्का देणं. तुम्ही थकायचा, ते थकायचे नाहीत. निदान तसं दिसायचं नाही.

राजारामपुरीत त्यांचा फ्लॅट होता, खाली कोचिंग क्लास, समोर दातांचा दवाखाना. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला गॅलरी दाखवली. कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या होत्या, दोन टोकांना.

"ही आमची आणि ती कॉलेजची," काकू म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हापासून. कितीही धुवा, त्या कपड्यांचा वास जात नाही."

"मला तर काही येत नाही बुवा," सर आतून म्हणाले.

"तेच तर," काकू म्हणाल्या.

सरांना स्वयंपाकघरात शिरायला बंदी होती. एकदा काकू माहेरी गेल्या असताना शेगडीचं बटण रात्रभर उघडं राहिलं होतं आणि सकाळी चहा करायला सर काडी घेऊन उभे राहिले होते. दूधवाला दारात आला आणि ओरडला म्हणून ते वाचले. त्या दिवसापासून काकू माहेरी राहायला गेल्या नाहीत. हे त्यांनी मला कांदा चिरता चिरता सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, पाऊसपाण्याचं सांगावं तसं.

मग ती मुलगी आली. राधानगरीकडच्या खेड्यातली, तिच्या घरात शिकलेलं पहिलंच माणूस. तिला दमा होता आणि प्रवेशाच्या वेळी तिनं तो लपवला होता. दुसऱ्या आठवड्यात टेबलाजवळ काम करता करता तिचे ओठ निळे पडायला लागले. तिला उचलून खाली नेलं, वाचली. तिचे वडील दुसऱ्या दिवशी आले. शेतमजूर माणूस, हातात टोपी. त्यांनी आजाराचं विचारलंच नाही. "पोरगी शिकंल न्हवं, सायेब?" एवढंच ते परत परत विचारत होते.

"शिकंल," सर म्हणाले. "न शिकायला काय झालं?"

ते गेल्यावर सर खुर्चीवर बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, हे फॉर्मालिनच कमी केलं पाहिजे. भोकं पाडून भागत नाही."

मिठाची पद्धत त्यांनी काढलेली नव्हती. बाहेर अनेक ठिकाणी ती वापरतात. मिठाचं दाट पाणी, त्यात थोडं स्पिरिट, थोडं ग्लिसरीन, बुरशी लागू नये म्हणून फिनॉल, आणि फॉर्मालिन नावापुरतं. आमच्याकडे कुणी करून पाहिली नव्हती, एवढंच. सर आणि मामा रिक्षातून मिठाची पोती आणायचे. दुकानदारानं विचारलं, "पापडाचा कारखाना काढलासा काय, पावणं?" सर म्हणाले, "व्हय, लई मोठा." पाण्याचा कॅन छताजवळ टांगायचा आणि नळीतून थेंब थेंब धमनीत सोडायचं. एरवीच्या पंपाचा धसमुसळेपणा नाही. सर स्टुलावर बसून नळीकडे बघत राहायचे, सलाईन लावलेल्या नातेवाईकाशेजारी बसावं तसे.

पहिले दोन देह असे उतरले की आम्ही थक्क झालो. फॉर्मालिनचा देह लाकडासारखा होतो, करडा पडतो. इथं कोपर वाकत होतं, बोटं उघडत-मिटत होती, स्नायूंचा रंग स्नायूंसारखा होता. हाडांच्या विभागातले डॉक्टर येऊन शस्त्रक्रियेचा सराव करू लागले. ती दम्याची मुलगी मास्क लावून टेबलाशी उभी राहायला लागली. आणि बोळात उभी केलेली उसनी नाकं सांगू लागली, काही नाही हो, फार तर औषधाच्या दुकानातल्यासारखा येतोय.

त्या काही महिन्यांत मी सरांना शीळ घालताना ऐकलं.

इथंच ते चुकले असं मला वाटतं. चांगलं चाललंय म्हणून त्यांनी फॉर्मालिन अजून घटवलं. मग फिनॉलही घटवलं, कारण तेही त्वचेला आणि फुप्फुसाला वाईटच. मी एकदा म्हणाले, "सर, जास्त होतंय." ते म्हणाले, "बाई, कमी होतंय."

ऐन उन्हाळ्यात मुरगूडहून एक देह आला. निवृत्त एसटी कंडक्टर. गावातल्या कुठल्याशा कार्यक्रमात देहदानाचं ऐकून त्यांनी फॉर्म भरला होता, आणि भावकीचा विरोध असताना मुलानं बापाची इच्छा पाळली होती. लेक पुण्याहून येईपर्यंत देह घरी ठेवलेला, त्यात वेळ गेलेला. शिवाय वयानं धमन्या कडक झालेल्या. पाणी उजव्या हातात, छातीत नीट पोचलं. डावा पाय आणि पोट कोरडंच राहिलं. अशा वेळी राहिलेल्या भागात सुईनं वेगळं औषध भरतात. सरांनी भरलं, पण तेच सौम्य पाणी. हाडांच्या विभागातल्या मुलांनी उजव्या हातावर पंधरवडाभर काम केलं. मग सलग सुट्ट्या आल्या, त्यात वीज गेली, खालचे पंखे बंद पडले.

सुट्टीनंतर मी जिना चढत होते तेव्हाच कळलं. वर मामा दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, नाकावर बाही दाबून. तीन-चार मुलं होती, एक जण कोपऱ्यात ओकत होता. दार सताड उघडं होतं आणि आत, त्या टेबलाशेजारी, सर उभे होते. ते सगळ्यांच्या आधी आले होते आणि रोजच्यासारखे कात्री-चिमटे मांडत होते. देहावरचं कापड अजून काढलेलं नव्हतं.

आमची चाहूल लागली तसे ते वळले. नेहमीच्या उत्साहानं म्हणाले, "या बाई. तीन-चार दिवसांत तुमचं नाक ताजं झालं असेल. वास येतोय का?"

मामानं नाकावरची बाही आणखी दाबली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे, मग मुलांकडे. एकेका चेहऱ्यावर ते थांबत होते. हातातला चिमटा त्यांनी अगदी हळू ट्रेमध्ये ठेवला आणि कापडाचं टोक उचललं.

त्यानंतरचं मी लिहीत नाही. त्या देहाला तिथं ठेवणं शक्य नव्हतं. कॉलेजच्या नियमानुसार दहन झालं. सर स्मशानात शेवटपर्यंत थांबले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटेच गेले.

चार दिवसांनी ते मला म्हणाले, "मुरगूडला जायचंय. येता का?"

"कशाला सर?"

"सांगायला."

मी त्यांना समजावून पाहिलं. देह दिल्यावर घरचे विचारायला येत नाहीत, कायद्यानंही आपण काही सांगायला बांधील नाही. डीनना कळलं तर गहजब होईल. गावात बोभाटा झाला तर पुढं देह मिळणार नाहीत. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. येता का, एवढं सांगा."

आम्ही एसटीनं गेलो. सरांच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक मडकं होतं. कागल मागे पडलं, दोन्हीकडं ऊस, बसमध्ये कुणाचा तरी मोबाइल मोठ्यानं वाजत होता.

घर साधंच, पुढं पत्र्याची पडवी. मुलगा दूध संस्थेत कामाला होता, नुकताच परतला होता. म्हातारी, कंडक्टरांची बायको, पडवीत शेंगा फोडत होती. कॉलेजातून आलोय म्हटल्यावर त्यांनी खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. सर खुर्चीवर बसले नाहीत.

"तुमचं पावणं आमच्याकडं आलेलं," ते म्हणाले. "मला ते नीट ठेवता आलं न्हाय. माझ्या औषधात चूक झाली. अंग खराब झालं. जाळावं लागलं."

मुलाला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा तो उठून उभा राहिला.

"म्हंजे? सडला व्हय माझा बा?"

"व्हय."

"आमी भावकीची थुंकी झेलून दिला त्येला! चुलत्यानं दारात पाय ठेवला न्हाय त्या दिसापासनं. पोरं शिकतील, डाक्टर हुतील म्हणून दिला. आन् तुमी सडवला?" तो सरांच्या अंगावर धावून गेला, पण जवळ आल्यावर थांबला. त्याचा आवाज फुटला. "आन् सांगाय कशाला आलासा? न सांगता चाललं नसतं?"

"चाललं असतं," सर म्हणाले.

"मग?"

"आपल्या घरचं माणूस कुणाकडं पावणं गेलं आन् तिथं त्याचं काय झालं, हे घरला कळाय नको?"

मुलगा पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला, पाठ फिरवून. म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. तिनं हात झटकले.

"काय तरी उपेग झाला का न्हाय?" तिनं विचारलं.

"उजवा हात पोरांनी पुरा शिकून घेतला, आई. त्या हातावर शिकून त्यातली एक पोरगी परवा एकाचं तुटलेलं बोट जोडाय उभी राहिली." हे खरं होतं. मला माहीत होतं म्हणून सांगते, नाहीतर मलाही ते रचलेलं वाटलं असतं.

"उजवा," म्हातारी म्हणाली. "हात चांगलाच व्हता त्यांचा. कुणावर उचलला न्हाय कवा."

सरांनी मडकं पुढं केलं. "ह्या अस्थी हायत. देह दिला की ह्या घरला येत न्हाईत. पर जाळलं तवा मी मागून घेतल्या."

म्हातारी ते मडकं बघत राहिली. मग तिनं पदराखाली दोन्ही हात घेतले आणि पदरानंच ते धरलं. मुलगा वळला. "आई, बाला हे असलं नको व्हतं. त्यानं लिवून ठेवलेलं."

"त्यांची हौस त्यांनी केली," ती म्हणाली. "मी आडवी आली का? न्हाय आली. आता ह्ये माझं हाय." आणि आत जाताना सरांना म्हणाली, "च्या घिऊन जावा."

चहा कुणी दिला नाही, आम्हीही थांबलो नाही. मुलगा रस्त्यापर्यंत आला आणि तिथूनच माघारी फिरला.

पुढं जे व्हायचं ते झालं. मुरगुडातल्या आणखी दोघांनी देहदानाचे फॉर्म भरले होते, त्यांनी ते परत मागितले. डीनच्या कानावर गेलं. सरांना लेखी समज मिळाली आणि मिठाची पद्धत बंद करायचा आदेश आला. सर मान खाली घालून वर्षभर फॉर्मालिननं देह भरत राहिले. एका परिषदेत त्यांनी हा सगळा प्रकार मांडला, पहिल्याच चित्रात तो खराब झालेला पाय दाखवून. सभागृहात खाकरण्याचे आवाज झाले, दोन लोक उठून गेले. चहाच्या वेळी आमच्या टेबलाशी कुणी आलं नाही. सर भजी खात होते. म्हणाले, "बाई, भजी कच्ची आहेत का? मला कळत नाही."

नंतर डीन बदलले. सरांनी परत मीठ सुरू केलं, या वेळी फिनॉल पूर्ण मात्रेत, दर आठवड्याला तपासणी, कोरड्या राहिलेल्या भागासाठी वेगळं, कडक औषध. पद्धत बसली. ती दम्याची मुलगी पास होऊन गेली. पण सरांची शीळ काही मला परत ऐकू आली नाही. निवृत्त होईपर्यंत ते कापडाचं टोक उचलण्याआधी क्षणभर थांबायचे आणि शेजारी जो असेल त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

आता मी विभागप्रमुख आहे. नवीन इमारत झाली, टेबलांच्या कडेनंच हवा ओढून घेणारी यंत्रणा बसली. सरांच्या अर्जांमुळे नव्हे. तपासणी पथक येणार होतं म्हणून. भिंतीवर हवेतली वाफ मोजणारं यंत्र आहे, ते महिन्यातले निम्मे दिवस बिघडलेलं असतं, आणि दुरुस्तीचे अर्ज मी करते. पंखे बंद का, म्हणून पालकांचे फोन येतात. मी शांतपणे समजावते. माझ्या आवाजातला कंटाळा मला ऐकू येतो.

सर गेले ते एका सकाळी, चहा घेताना. शेजाऱ्यांनी मला फोन केला. घरातून निघण्याआधी मी मामाला फोन लावला आणि म्हटलं, टेबल मांडा, पाणी कालवायला घ्या, मी येतेच सरांना घेऊन. हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते, रडायला मागून वेळ मिळतो, धमन्यांना मिळत नाही. सरांचा देह कॉलेजला येणार याबद्दल आमच्यापैकी कुणाच्याच मनात शंका नव्हती. आयुष्यभर त्यांनी गावोगाव जाऊन तेच सांगितलं होतं.

राजारामपुरीत गाड्यांची गर्दी होती, खालच्या क्लासची मुलं जिन्यात. वर गडमुडशिंगीची माणसं जमली होती. सरांना हॉलमध्ये खाली घेतलं होतं, अंगावर घरचा सदरा. मी काकूंच्या शेजारी जाऊन बसले. विषय कसा काढावा ते कळेना. इतक्या घरांत इतक्यांदा काढला होता.

काकूंनीच काढला. "तुम्ही न्यायला आलात ना?"

मी मान हलवली.

"नाही नेता येणार." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "त्यांनी मला विचारलं होतं, फार वर्षांमागं. मी म्हटलं, सगळा जन्म तिकडंच घातलात. शेवटचं तरी घरातून जावा. दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, बरं. परत कधी विचारलं नाही."

"आम्हाला कधी बोलले नाहीत," मी म्हणाले.

"लाजायचे. लोकांच्या दारात जाऊन मागतो आणि माझ्याच घरातलं देत नाही, म्हणायचे. तुम्हाला सांगायचं म्हणून कितीदा फोन उचलला आणि ठेवून दिला." मग त्यांनी माझा हात धरला. "चुकलं का हो माझं?"

"नाही काकू," मी म्हणाले. मी मनापासून म्हणाले.

आत पाणी तापलं होतं. माणसं सरांना उचलायला पुढं आली. मी उठून गॅलरीत गेले आणि मामाला फोन लावला.

"मॅडम, सगळं मांडलंय," मामा म्हणाला. "पाणी कालवलंय. नवीन चादर काढली. किती वेळात येताय?"

"सर नाही येणार," मी म्हणाले. "घरचे नेणार आहेत, पंचगंगेला."

पलीकडे ट्रे बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यानं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"लई बरं झालं मॅडम," तो म्हणाला. "माझ्या हातनं झालं नसतं."

"माझ्याही नाही," मी म्हणाले. "कुलूप लावा आणि तुम्ही पण या इकडं."